करार बदलताना जामीनदाराला विचारले काय?

(खडकवासला येथील कार्यकर्ता शिबिरात केलेल्या भाषणाचा मजकूर)



‘चालू करारात ठेकेदाराने सुचविलेले बदल आणि कार्यकर्त्यांची भूमिका’ असा विषय आपण मला दिला आहे. विषय रूक्ष आहे. त्यावर घोषणा रचता येत नाही आणि मोर्चाही निघत नाही. तरीही संयोजकांनी तो आग्रहाने निवडला, याचा मला आनंद वाटला. सार्वजनिक सेवा ठेक्याने द्याव्यात की देऊ नयेत, या प्रश्नावर आपण गेली तीस-पस्तीस वर्षे बोलत आलो आहोत आणि बोलत राहिलेही पाहिजे. परंतु ठेका एकदा दिला गेला की आपले लक्ष दुसरीकडे वळते. निविदा उघडते त्या दिवशी आपण निदर्शने करतो. पुढे वर्ष-दीड वर्षाने तोच ठेकेदार दोन पानांचा अर्ज घेऊन कार्यालयाचा जिना चढतो, तेव्हा तेथे आपल्यापैकी कोणी नसते. जनतेचे नुकसान पुष्कळदा निविदेच्या दिवशी होत नाही, त्या दोन पानांच्या अर्जाने होते, असे माझे मत आहे. ते मत आपल्यापुढे पुराव्यानिशी मांडावे, एवढ्यासाठी मी आज उभा आहे.

हा विषय खडकवासल्यात बोलण्यालाही अर्थ आहे. ३० जून २०२१ रोजी जी तेवीस गावे पुणे महानगरपालिकेत समाविष्ट झाली, त्यांत हे गाव होते. तोवर नळाला पाणी का आले नाही, हे विचारायला सरपंचाचे दार होते. ते दार बंद झाले. पुढे मार्च २०२२ मध्ये महापालिकेच्या सभागृहाची मुदत संपली आणि निवडणुका न झाल्यामुळे प्रदीर्घ काळ सारा कारभार प्रशासकाच्या सहीने चालला. म्हणजे ग्रामपंचायत गेली आणि नगरसेवकही नाही, अशा अवस्थेत या गावांचे पाणी, कचरा, झाडलोट आणि रस्ते यांचे निर्णय झाले. २०२५च्या जानेवारीत सिंहगड रस्त्याच्या या पट्ट्यात, नांदेड, किरकटवाडी, धायरी आणि खडकवासला या भागांत, गुइलेन बॅरे आजाराचे रुग्ण आढळू लागले, तेव्हा पाण्यात क्लोरिन कोण टाकतो, टँकर कोठे भरतात, नमुने कोण तपासतो, हे प्रश्न घरोघरी विचारले गेले. एरवी हे तपशील कराराच्या परिशिष्टात पडून असतात. ते बदलले तर कोणाला कळत नाही. कळते ते माणसे आजारी पडल्यावर.

येथून जवळच धरणाची भिंत आहे. ती पाहताना वडीलधाऱ्यांना १९६१ साल आठवल्याशिवाय राहत नाही. पानशेत धरणाचे काम पुरे व्हायच्या आतच त्या पावसाळ्यात तेथे पाणी अडविण्यात आले. पाणी सोडण्याच्या मार्गावरील दरवाज्यांचे काम अपुरे होते. १२ जुलैला पानशेत फुटले आणि त्या लोंढ्याने त्याच दिवशी एकोणिसाव्या शतकात बांधलेली खडकवासल्याची भिंतही फुटली. पुढे पुण्याचे काय झाले, हे मी सांगायला नको. तो बदल ठेकेदाराने सुचविलेला नव्हता. निर्णय सरकारी यंत्रणेचा होता. म्हणून त्याचा दाखला मी मर्यादित अर्थानेच देतो. कामाचा ठरलेला क्रम मध्येच बदलायचा झाला तर तो नव्याने तपासावा लागतो, आणि ती तपासणी अपुरी राहिली तर तिची किंमत बदल करणारे देत नाहीत. नदीकाठच्या ज्या पेठांनी ती दिली, त्यांना कोणी विचारले नव्हते. ठेकेदाराच्या प्रस्तावातही हाच प्रश्न असतो, फक्त तो इतक्या भीषण रूपात समोर येत नाही.

आता प्रथम कायदा काय म्हणतो ते पाहू. आपल्याकडे करारासंबंधीचा मूळ कायदा १८७२चा आहे. त्याचे ६२वे कलम सांगते की दोन्ही पक्षांनी मिळून करारात फेरबदल केला, तर मूळ करार पाळण्याचे बंधन उरत नाही. हे कलम वरवर निरुपद्रवी दिसते. परंतु त्याचा अर्थ असा की फेरबदलाच्या कागदावर सही झाली, की ज्या मूळ अटीसाठी निविदा मागविली, स्पर्धा झाली, सभागृहात चर्चा झाली, ती अट संपली. ठेकेदाराचा अर्ज म्हणजे किरकोळ दुरुस्ती नव्हे. तो नव्या कराराचा प्रस्ताव असतो, आणि या नव्या करारासाठी स्पर्धक मात्र एकच असतो.

त्याच कायद्यात जामीनदारासंबंधी १३३वे कलम आहे, आणि मला ते फार बोलके वाटते. सावकार आणि ऋणको यांनी जामीनदाराला न विचारता कराराच्या अटी बदलल्या, तर त्या बदलानंतरच्या व्यवहारांपुरता जामीनदार मोकळा होतो. खेड्यातल्या माणसालाही हा न्याय समजतो. मी शंभर रुपयांना जामीन राहिलो. तुम्ही दोघांनी माझ्या पाठीमागे दोनशेचा व्यवहार केला, तर तो तुमचा तुम्ही निस्तरा. आता सार्वजनिक करारांकडे पहा. महापालिकेने किंवा सरकारने केलेल्या प्रत्येक कराराला अखेरचा जामीनदार कोण असतो? पाणीपट्टी आणि घरपट्टी भरणारा नागरिक, विजेचे बिल भरणारा ग्राहक, आणि काडेपेटीपासून कापडापर्यंत प्रत्येक वस्तूवर कर देणारा गरीब माणूस. त्याला न विचारता अटी बदलल्या तरी तो मोकळा होत नाही. सावकारी व्यवहारातल्या जामीनदाराला कायद्याने जे संरक्षण दिले, ते लोकशाहीतल्या जामीनदाराला नाही. हीच आजच्या माझ्या बोलण्याची मुख्य गोष्ट आहे.

महाराष्ट्रात याचे सर्वांत मोठे उदाहरण दाभोळचे. तरुण मित्रांना ते नाव ऐकून ठाऊक असेल. पण त्या प्रकरणातला जो भाग आपल्या विषयाशी निगडित आहे, तो बहुधा विस्मरणात गेला आहे. तेव्हा तो जरा तपशिलाने सांगतो.

जून १९९२ मध्ये अमेरिकेतील एन्रॉन कंपनी आणि महाराष्ट्र राज्य वीज मंडळ यांच्यात प्राथमिक सामंजस्याचा करार झाला. निविदा मागविल्या नव्हत्या. १९९३ साली जागतिक बँकेने या प्रकल्पाला कर्ज देण्यास नकार दिला. एवढी महाग वीज एवढ्या मोठ्या प्रमाणावर घेणे मंडळाला परवडणार नाही, असे तिचे मत पडले. तरीही डिसेंबर १९९३ मध्ये वीज खरेदीचा करार झाला. पहिला टप्पा ६९५ मेगावॉटचा आणि दोन्ही टप्पे मिळून २,०१५ मेगावॉट. ‘वीज घ्या अगर न घ्या, स्थिर आकार द्या’ ही त्यातली मुख्य अट. इंधनाची भाववाढ मंडळाच्या माथी आणि डॉलर वधारला तर तोही भार मंडळाच्याच माथी. मंडळामागे राज्य सरकारची हमी आणि राज्याच्या हमीमागे केंद्राची प्रतिहमी. म्हणजे जामीनदार कोण, हे येथे कागदावरच लिहिलेले होते.

१९९५ साली राज्यात सत्तांतर झाले. नव्या सरकारने मंत्र्यांची समिती नेमली आणि ३ ऑगस्ट १९९५ रोजी मुख्यमंत्री मनोहर जोशी यांनी प्रकल्प रद्द केल्याची घोषणा केली. आपल्यापैकी अनेकांनी त्या दिवशी समाधानाचा निःश्वास टाकला. येथून पुढचा भाग महत्त्वाचा आहे. कंपनीने एकीकडे लंडनमध्ये लवादाकडे धाव घेतली आणि दुसरीकडे कराराच्या अटी बदलायला आपण तयार आहोत, असे कळविले. नोव्हेंबरमध्ये सरकारने तज्ज्ञांचा एक गट वाटाघाटींसाठी नेमला. दोन आठवड्यांच्या आत वाटाघाटी आटोपल्या. जानेवारी १९९६ मध्ये सुधारित करार सरकारने मान्य केला आणि विजेचा दर २ रुपये ४० पैशांवरून १ रुपया ८६ पैशांवर आणल्याचे जनतेला सांगितले. युनिटमागे चोपन्न पैशांची बचत! वृत्तपत्रांचे मथळे त्या चोपन्न पैशांनी व्यापले.

त्या वेळी मी महाविद्यालयात अर्थशास्त्र शिकवीत होतो. किंमत उतरली असे कोणी म्हणाले की कोणती किंमत, आणि ती उतरून कोठे गेली, हे विचारावे, असे आम्ही विद्यार्थ्यांना सांगतो. पुण्यातल्या ‘प्रयास’ या संस्थेच्या अभ्यासकांनी नेमके तेच केले. आकडे घेऊन बसल्यावर दिसले ते असे. प्रकल्पाचा भांडवली खर्च कमी दाखविला गेला होता. परंतु द्रवरूप वायूचे पुन्हा वायूत रूपांतर करणारी यंत्रणा भांडवली खर्चातून काढून तिचा आकार इंधनाच्या खात्यात टाकला होता. एका खिशातला दगड दुसऱ्या खिशात गेला, अंगावरचे ओझे तेवढेच राहिले. दुसरे असे की मूळ करारात दुसरा टप्पा घ्यायचा की नाही, हे ठरविण्याची मोकळीक मंडळाला होती. सुधारित करारात तो टप्पा बंधनकारक झाला आणि एकूण क्षमता २,०१५ वरून २,१८४ मेगावॉटवर गेली. डॉलरची जोखीम, इंधनाच्या भावाची जोखीम आणि वीज न घेताही पैसे देण्याचे बंधन या तिन्ही गोष्टी होत्या तेथेच राहिल्या. दराचा आकडा आपल्याला मिळाला. जोखीम आणि दुसरा टप्पा कंपनीला मिळाला. रद्द झालेला करार सुधारणेच्या दाराने परत आला, तो अधिक मोठा होऊन.

परिणाम सर्वांच्या डोळ्यांपुढे घडला. पहिला टप्पा मे १९९९ मध्ये सुरू झाला. दोन वर्षांच्या आत मंडळाला पडणारा प्रत्यक्ष दर त्या १ रुपया ८६ पैशांच्या दुपटीहूनही वर गेला. नाफ्था महागला होता, रुपया घसरला होता, आणि महाग वीज मंडळ कमी घेऊ लागल्यामुळे स्थिर आकाराचा बोजा उरलेल्या युनिटांवर पडत होता. २००१च्या आरंभी कंपनीने राज्याची हमी आणि मग केंद्राची प्रतिहमी बजावली. त्याच वर्षी माधव गोडबोले समितीने आपल्या अहवालात या प्रकरणातील निर्णयप्रक्रियेच्या त्रुटींवर बोट ठेवले. मे अखेरीस वीजनिर्मिती थांबली आणि डिसेंबरात खुद्द एन्रॉनने अमेरिकेत दिवाळखोरी जाहीर केली. पुढे २००५ साली नॅशनल थर्मल पॉवर आणि गेल या सार्वजनिक कंपन्यांना हा पांढरा हत्ती रत्नागिरी गॅस अँड पॉवर या नव्या नावाने पोसायला घ्यावा लागला. गुहागरच्या ज्या गावकऱ्यांनी या प्रकल्पाला विरोध करून लाठ्या खाल्ल्या आणि तुरुंग पाहिला, त्यांना विकासविरोधी ठरविले गेले होते. त्यांच्यापुढे हिशेबाचे तक्ते नव्हते. पण आपल्याला न विचारता आपल्या नावावर कर्ज लिहिले जात आहे, एवढे त्यांना कळले होते.

दाभोळचा बदल निदान उघड्यावर झाला. दुसरा प्रकार गुपचूप बदलांचा. पाटबंधाऱ्यांच्या कामांत आपण तो पाहिला. २००९ साली विदर्भातील ३८ प्रकल्पांचा खर्च काही महिन्यांत ६,६७२ कोटी रुपयांवरून २६,७२२ कोटींवर नेण्यात आल्याचे उघडकीस आले, तेव्हा महाराष्ट्र हादरला. पुढे माधवराव चितळे यांच्या अध्यक्षतेखाली विशेष चौकशी समिती नेमावी लागली आणि तिने २०१४ साली अहवाल दिला. ज्याला कार्यालयात ‘एक्स्ट्रा आयटम’ म्हणतात, ती जादा बाब, वाढीव परिमाण, बदललेला आराखडा, सुधारित प्रशासकीय मान्यता: यांतला एकही शब्द ऐकून कोणाची झोप उडत नाही. पण वीस हजार कोटी रुपये अशाच निर्जीव शब्दांच्या पोटात सामावतात.

इतके ऐकून कोणी म्हणेल, मग ठेकेदाराचा कोणताही बदल मान्यच करू नये. मित्रहो, ही भूमिका सोपी आहे, पण बरोबर नाही. खोदाई करताना मुरूम लागेल असे गृहीत धरले आणि काळा पाषाण लागला, तर तो ठेकेदाराचा गुन्हा नव्हे. जुन्या जलवाहिनीचा नकाशाच कार्यालयात नसेल, तर नवी वाहिनी ठरल्या रेषेत जाणार नाही. कधी ठेकेदारालाच अधिक चांगली रीत सुचते. त्याची माणसे रोज त्या कामात असतात. आणि बदलाला सरसकट नकार दिल्याचे परिणामही आपण भोगतो. चौकशीच्या भीतीने अभियंता कशावरच सही करीत नाही आणि खणलेला रस्ता दोन पावसाळे तसाच पडून राहतो. तेव्हा नकार द्यावा असे मी म्हणत नाही. परीक्षा घ्यावी असे म्हणतो. ती कशी घ्यावी, हे सांगण्यापूर्वी माझी स्वतःची एक चूक सांगतो.

१९९०च्या सुमारास मी एका महाविद्यालयाच्या वसतिगृह समितीवर होतो. खानावळ ठेक्याने दिलेली होती. वर्षाच्या मध्यावर ठेकेदार आमच्याकडे आला आणि म्हणाला, “सर, भाकरी आणि पोळी दोन्ही करण्यात वेळ जातो. आजची मुले भाकरी खात नाहीत. मी फक्त पोळी देतो, आणि त्याच दरात दर रविवारी गोड देतो.” आम्ही समितीवर तिघे प्राध्यापक होतो, त्यातले दोघे अर्थशास्त्राचे. दर वाढत नाही आणि गोड मिळते, मुलेही खूश. दहा मिनिटांत आम्ही होकार दिला. कागद केला नाही. पुढच्या सोमवारी स्वयंपाकघरात भाकऱ्या थापणाऱ्या दोन बायका दिसल्या नाहीत. चौकशी केली तेव्हा समजले की त्यांना कामावरून कमी केले होते. पोळ्या बाहेरून तयार येत होत्या, आणि दोन महिन्यांत त्या आकाराने लहान झाल्या. रविवारचे गोड दिवाळीच्या सुटीनंतर बंद पडले. ठेकेदाराला विचारले तर तो शांतपणे म्हणाला, “कागदावर कोठे आहे?” मूळ करारातली भाकरी आम्ही तोंडी सोडून दिली होती आणि बदल्यात मिळालेले गोडही तोंडीच होते. त्या दोन बायकांपैकी एक पुढे कैक दिवस फाटकाशी उभी राहून मला विचारीत असे, “सर, माझे काय चुकले?” तिचे काहीच चुकले नव्हते. चुकले आमचे. आम्ही दराचा प्रश्न विचारला आणि समजलो की अर्थशास्त्र संपले. ही बचत कोणाच्या ताटातून येते आहे, हा प्रश्न आमच्यापैकी एकालाही सुचला नाही. समाजवादी म्हणविणाऱ्या मलाही नाही.

म्हणून ठेकेदाराचा अर्ज हाती आला की कार्यकर्त्याने काय विचारावे, हे मी आता क्रमाने सांगतो. आपण मोहल्ला कमिटीत असाल, गृहनिर्माण संस्थेच्या समितीवर असाल, उद्या नगरसेवक व्हाल, किंवा नुसते जागरूक नागरिक राहाल. प्रश्न तेच आहेत.

पहिली गोष्ट कागदाची. प्रस्ताव लेखी हवा, त्यात बदलाचे कारण हवे, आणि तो काम करण्यापूर्वी आलेला हवा. काम उरकून मग मंजुरी मागणे हा बदल नव्हे, ती अडवणूक आहे. प्रस्ताव मंजूर होईपर्यंत मूळ करार जसाच्या तसा चालू राहतो, हे उत्तर ठेकेदाराला पहिल्याच दिवशी लेखी द्यावे. येथे एक सावधगिरी बाळगावी लागते. नव्या दराचे एखादे बिल नकळत चुकते झाले, किंवा कमी केलेली फेरी दोन महिने कोणी हरकत न घेता चालली, तर वागणुकीतून संमती मिळाली असा दावा पुढे केला जातो. म्हणून हरकत त्याच आठवड्यात नोंदवावी.

दुसरी गोष्ट तुलनेची. बदलानंतर काय मिळणार, हे ठेकेदार सांगतोच. काय जाणार, हे आपण शोधावे. मूळ करार आणि प्रस्ताव शेजारी शेजारी ठेवून ओळीने ओळ वाचावी. टँकरच्या फेऱ्या कमी होणार असतील, तर कोणत्या वस्तीच्या? पाण्याची तपासणी रोजच्याऐवजी आठवड्याने होणार असेल, तर मधल्या सहा दिवसांची जबाबदारी कोणाची? जोखीम या हातातून त्या हातात गेली आहे काय? दाभोळमध्ये दर सर्वांनी पाहिला, जोखीम फार थोड्यांनी पाहिली.

तिसरी गोष्ट हरलेल्या स्पर्धकांची. हेच बदललेले काम पहिल्या दिवशी निविदेत असते, तर दुसऱ्या कोणी ते स्वस्तात केले असते काय? उत्तर ‘होय’ असेल, तर तो बदल राहिला नाही, ते नवे काम झाले. त्याची नवी निविदा काढली पाहिजे. कमी दर भरून ठेका मिळवायचा आणि मागाहून बदलांच्या वाटेने तो दर भरून काढायचा, ही जुनी युक्ती आहे. तिला हाच एक प्रश्न पुरेसा आहे.

चौथी गोष्ट वेळेची आणि हिशेबाची. वीस वर्षांचा करार दोन आठवड्यांत बदलू नये. ठेकेदाराने मांडलेला हिशेब हा त्याचा हिशेब असतो. आपल्या अभियंत्याने स्वतंत्र हिशेब केला पाहिजे, आणि तो लोकांना पाहायला मिळाला पाहिजे. खर्च खरोखर वाचणार असेल, तर त्या बचतीतला वाटा जनतेला किती, हे त्याच कागदावर ठरले पाहिजे. २००५च्या माहिती अधिकार कायद्यामुळे ही कागदपत्रे मागता येतात. दाभोळच्या काळी हा कायदा नव्हता, तरी अभ्यासकांनी हिशेब केला. आज कायदा हाती असून आपण अर्जही करीत नाही, याची थोडी लाज वाटली पाहिजे.

पाचवी गोष्ट अधिकाराची. बदल कोण मंजूर करतो? महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियमाचे ७३वे कलम आयुक्तांच्या करार करण्याच्या अधिकारावर मर्यादा घालते आणि मोठ्या खर्चाच्या करारांना स्थायी समितीची मान्यता आवश्यक ठरविते. हे नियम मूळ करारापुरते नाहीत. त्यातल्या फेरबदलालाही ते लागू आहेत. कायदेमंडळाला हे कळले होते की मूळ करारावर पहारा ठेवून फेरबदलाचे दार उघडे टाकणे म्हणजे पुढच्या दाराला कुलूप लावून मागचे दार सताड ठेवणे होय. म्हणून पन्नास लाखांचा बदल पाच-पाच लाखांच्या दहा तुकड्यांत येतो आहे काय, हे पाहणे कार्यकर्त्याचे काम आहे. प्रत्येक तुकडा लहान दिसतो. म्हणून एकाच वहीत साऱ्या बदलांची बेरीज ठेवावी.

सहावी गोष्ट माझ्या दृष्टीने पहिलीच असायला हवी होती. बदलाने कोणाचा रोजगार जातो? झाडलोट, कचरा, बागा, पहारा या ठेक्यांत खर्चाचा मोठा भाग मजुरीचा असतो. अशा ठेक्यात ठेकेदार ‘कार्यक्षमता’ म्हणतो तेव्हा बहुतेक वेळा चार बायकांचे काम तिघींकडून करून घेणार असतो. १९७०च्या कंत्राटी कामगार कायद्याने ठेकेदाराने वेतन बुडविले तर ते देण्याची जबाबदारी मुख्य मालकावर टाकली होती. तो कायदा आता नव्या श्रमसंहितांत विलीन झाला असला तरी हे तत्त्व शिल्लक आहे. तेव्हा मस्टरवर आज किती नावे आहेत आणि बदलानंतर किती राहतील, हे प्रस्तावात लिहिलेले नसेल तर तो प्रस्ताव अपुरा समजून परत पाठवावा.

याच पुण्यात यापेक्षा वेगळा एक मार्ग आहे, त्याचीही आठवण ठेवू. १९९३ साली कागद, काच, पत्रा वेचणाऱ्या कष्टकऱ्यांची पंचायत उभी राहिली. बाबा आढावांसारख्यांचे पाठबळ तिला लाभले. त्यातूनच पुढे ‘स्वच्छ’ ही सहकारी संस्था झाली आणि तिने महापालिकेशी स्वतः करार केला. त्या कराराच्या नूतनीकरणातही झगडे झाले, अडचणी आल्या. परंतु तेथे बदलाची भाषा सुरू झाली की जिच्या पोटावर पाय येणार ती बाई स्वतः टेबलाच्या एका बाजूला बसलेली असते. माझ्या खानावळीतल्या त्या दोघी फाटकाबाहेर होत्या. सहकार आणि ठेका यांतला फरक समजावून देण्यासाठी मी वर्गात अनेक व्याख्याने दिली. तो फरक मला खरा समजला तो या दोन चित्रांवरून.

मित्रहो, हे सारे काम चिकाटीचे आहे. त्यात प्रसिद्धी नाही. कार्यालयात खेटे घालावे लागतील, अधिकारी कंटाळतील, ठेकेदार चहा पाजतील, आणि आपल्यातलेच काही जण म्हणतील की ही कारकुनी झाली, ही कसली चळवळ. त्यांना एवढेच सांगा की सत्ता आज फार थोड्या वेळा भाषणातून वापरली जाते. ती शेरा, टिपण आणि पुरवणी करारातून वापरली जाते. ते वाचता येणे ही आजची साक्षरता आहे.

शिबिर संपल्यावर करण्याजोगे एक काम सुचवून मी थांबतो. आपल्या गावात आज ज्या-ज्या सेवा ठेक्याने चालतात, त्यांची यादी करा. प्रत्येकाचा मूळ करार माहिती अधिकाराखाली मागवा आणि आजपर्यंत त्यात झालेल्या बदलांचे कागदही मागवा. मग ते घेऊन प्रत्येक वस्तीत एक संध्याकाळ बसा आणि मोठ्याने वाचा. आपण सारे या करारांचे जामीनदार आहोत. कायदा आपल्याला मोकळे करीत नाही. निदान आपल्या पाठीमागे काय लिहिले गेले, हे आपल्याला माहीत असू द्या.